भीमबेटका पाहण्यासाठी किती वेळ ठेवावा?

प्रवासिनी: पुढील महिन्यात आईवडिलांसह भोपाळला जाणार आहे. त्यांना फार चालणे झेपत नाही. तिथून जवळच्या भीमबेटक्यासाठी, म्हणजे प्रागैतिहासिक चित्रे असलेल्या गुहांसाठी, अर्धा दिवस पुरेल का, आणि तिथे काय चुकवू नये?

माळवाकर: अंतर सुमारे ४५ किलोमीटर असल्याने अर्धा दिवस पुरतो. वाहन टेकडीवर जाते आणि परिसरातील सातशेहून अधिक शैलाश्रयांपैकी (खडकांच्या नैसर्गिक निवाऱ्यांपैकी) मोजकेच पर्यटकांना खुले असल्याने चालणे बेताचे आहे. मात्र ‘झू रॉक’पाशी घाई करू नका, तिथे प्राण्यांच्या जुन्या आकृत्यांवरच नंतरच्या काळातील माणसांनी घोडेस्वार आणि हत्ती रंगवले असल्यामुळे, एकाच खडकावर अनेक युगे एकमेकांवर चढलेली दिसतात आणि डोळा सरावेपर्यंत निम्मी चित्रे लक्षातही येत नाहीत.

शैलवेडा: १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी हे ठिकाण उजेडात आणले, तर १९७० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी येथे उत्खनन केले. निघण्यापूर्वी आईवडिलांना हे अवश्य सांगा. आणखी एक सूचना: २०२१ मध्ये येथील सभागृह गुहेत डिकिन्सोनिया या प्राचीन जीवाचा जीवाश्म सापडल्याची बातमी गाजली होती, परंतु तो मधमाश्यांच्या पोळ्याचा अवशेष असल्याचे पुढे सिद्ध झाले, तेव्हा कोणी तो जीवाश्म म्हणून दाखवल्यास विश्वास ठेवू नये. चित्रांना हात लावू नका, ही कळकळीची विनंती.

प्रवासिनी: मनःपूर्वक आभार. सकाळीच निघू.