टेबल सॉ: पात्यामागची पट्टी काढली, लाकूड जळतंय आणि मागे सरकतंय

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

साखर पेठेतलं आमचं जुनं घर पाडलं, तेव्हा सागवानी चौकटी आणि दारं मी विकू दिली नाहीत. त्यातून पुस्तकांचं कपाट आणि आईसाठी देव्हारा करायचा, तोही गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आत, असं तोंडातून निघून गेलं. आता आई रोज विचारते. म्हणून १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर येणारी विजेची गोल करवत) ऑनलाइन मागवला. १८०० वॅट, सोबत घडीचा स्टँड.

जोडणी एका रविवारी केली. पुस्तिकेतली चित्रं पोस्टाच्या तिकिटाएवढी. यंत्र उलटं ठेवून स्टँड बसवला आणि भाच्याला बोलावून दोघांनी सरळ केलं. सोबतचं पातं फक्त २४ दातांचं, बघायलाच ओबडधोबड वाटलं. मी बाजारातून ६० दातांचं आणून चढवलं. पात्यामागची चंद्रकोरीसारखी पोलादी पट्टी (रायव्हिंग नाइफ) आणि वरचं प्लास्टिकचं झाकण पुस्तिकेप्रमाणे बसवलं.

पहिलीच फळी घातली. चार-पाच इंच आत गेली आणि पट्टीला अडकून थांबली. पुढे हलेना. दार बसवायला आलेले सुतारमामा म्हणाले, "काढून टाका ती, आमच्यात कोणी लावत नाही, नुसती अडचण." काढली. झाकण त्याच पट्टीवर बसतं, त्यामुळे तेही गेलं.

त्यानंतर दीड इंच जाडीची सागवानी पट्टी उभी चिरायला घेतली. कड काळी पडली, शेडभर जळका वास. शेवटी शेवटी लाकूड थरथरलं आणि वीतभर मागे माझ्या पोटाकडे आलं. मी हात सोडला, तेवढ्यात एमसीबी (जादा करंट ओढला की पडणारा स्विच) पडला. तो पडला म्हणून बरं, असं आता वाटतंय.

पातं खराब आहे, की माझी जोडणी चुकली? पट्टी परत लावू का? लावली तर लाकूड अडकतं त्याचं काय करू? आणखी एक, शेडमध्ये शहाबादी फरशी आहे, स्टँडचा एक पाय अधांतरी राहतो. खाली पुठ्ठा घातलाय.

---

फेज_न्यूट्रल

वायरिंगपुरतं बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

१८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साधारण ८ अँपिअर. सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट करंट ओढला जातो, आणि पातं लाकडात अडकलं तरी तसंच होतं. तुमचा एमसीबी बहुतेक या दुसऱ्या कारणाने पडलाय, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. मोठा एमसीबी टाकून मोकळे होऊ नका. आधी वायर बघा. १६ अँपिअरचं सॉकेट, तिथपर्यंत २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि खरं अर्थिंग. तीन पिना दिसतात म्हणून अर्थिंग असतंच असं नाही, टेस्ट करून घ्या. टीव्हीचं एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. जाड वायरचं असलं तरी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेलं तापतं.

आणि हे आजच करून बघा: पातं मोकळं फिरत असताना सॉकेटचं बटण बंद करा, मग परत चालू करा. यंत्र आपोआप सुरू झालं तर त्याचा स्विच साधा आहे. आपल्याकडे लाइट जाते, माणूस यंत्राचं बटण तसंच ठेवून चहाला जातो, आणि लाइट येते तेव्हा पोरगं टेबलाशी खेळत असतं. वीज गेली की स्वतः बंद पडणारा आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच बसवून मिळतो.

---

धोटेवाले_मामा

भाचेबुवा, आधी त्या यंत्राचा प्लग भिंतीतून काढा आन् मग पुढचं वाचा. नुसतं बटण बंद नको, प्लग.

मी सुतार न्हाई. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, होतो, उभी हयात त्यात गेली. घरात तेलुगू, मागावर मराठी, आन् धोटा उडाला की तोंडात येईल ती भाषा. रिटायर झाल्यावर नातवंडांसाठी पाट-चौरंग करायला लागलो, तेव्हा टेबल सॉ घेतला. तुमचं "लाकूड पोटाकडे आलं" वाचलं आन् मला धोटाच आठवला.

आम्ही टॉवेल विणायचो. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन पळणारा, लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी चोच. तो फणीला (आडवं सूत ठोकून बसवणारी दात्यांची चौकट) घासून इकडून तिकडं पळतो. फणी आन् धोट्याच्या पेटीची मागची भिंत एका रेषेत नसली की तो वाट सोडतो आन् थेट बाहेर. म्हणून मागाला पुढून गार्ड असतो. एका कारखान्यात सूत ओवताना आडवा येतो म्हणून सगळ्या मागांचे गार्ड काढून ठेवले होते. एका रात्रपाळीत धोटा उडाला, समोरच्या भिंतीत गेला, चुन्यात चार बोटं खोल. तिथं पाच मिनटं आधी कांड्या भरणारी बाई बसलेली होती. दुसऱ्या दिवशी गार्ड परत लागले. तुमचे सुतारमामा जे म्हणायलेत ना, "नुसती अडचण", ते वाक्य मी तिथंच ऐकलंय.

आता तुमच्या पात्याचा हिशोब. १० इंची पातं, मिनिटाला ४८०० फेरे धरा. दाताचा वेग सेकंदाला ६४ मीटर होतो, म्हणजे ताशी २३० किलोमीटर. धोटा त्याच्यापुढं बैलगाडी. पुढचे दात खाली येतात, ते लाकूड टेबलावर दाबतात, ते आपले दोस्त. मागचे दात वर चढत असतात. चिरलेलं लाकूड मागं मिटलं किंवा फेन्सनं (लाकूड टेकवून ढकलायचा बाजूचा सरळ आडोसा) त्याला मागच्या दातांवर रेटलं, की ते दात लाकूड उचलतात आन् तुमच्याकडं फेकतात. पट्टी नेमकी तिथंच उभी असते. फट मिटू देत न्हाई, लाकूड मागच्या दातांवर जाऊ देत न्हाई. ती काढली म्हणजे गार्डच काढला.

मग लाकूड पट्टीला अडकलं का? मला एक कळवा. दोन्ही पात्यांवर आन् पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतील, चष्मा लावून वाचा आन् इथं लिहा. माझा संशय तिथं आहे.

तोवर जुळवणी करा. सगळं प्लग काढून. पातं पूर्ण वर उचला. एका दाताला मार्करनं खूण करा. टेबलावर ती लांब खाच असते ना, आडवं कापायचा सरकता गाईड ज्यात चालतो, तिला आई माना, सगळी मापं तिच्यापासून. त्या गाईडला एक लाकडी पट्टी घट्ट बांधा, तिच्या टोकाला एक स्क्रू. स्क्रूचं डोकं पुढं आणलेल्या खुणेच्या दाताला जेमतेम टेकवा. आता पातं हातानं फिरवून तोच दात मागं न्या, गाईड मागं सरकवा, आन् फट फिलर गेजनं (ठराविक जाडीच्या पातळ पत्र्यांचा जुडगा) मोजा. दात तोच पाहिजे, न्हाईतर पात्याचा वाकडेपणाच मोजत बसाल. ०.१ मिमीच्या आत फरक असला तर हात लावू नका. जास्त असला तर टेबलाखाली मोटारीचा सांगाडा धरणारे बोल्ट असतात, ते जरा सैल करून टकटक करत आणा. आम्ही फणी अशीच आणायचो. घाई केली की दुपार जाते.

मग फेन्स त्याच खाचेला समांतर. मग पट्टी: पात्याच्या अंगाला, दात सोडून, सरळ पोलादी फूटपट्टी लावा, पट्टी पात्याच्या मधोमध मागं आली पाहिजे, दातांपासून ३ ते ८ मिमी लांब. शेवटी गुण्या, पातं टेबलाशी काटकोनात आहे का बघायला. तोही दातांना न्हाई, पात्याच्या अंगाला टेकवायचा.

उभं राहायचं पात्याच्या रेषेत न्हाई, तिच्या डावीकडं. फेन्स उजवीकडं असली तर. धोटा सरळच उडतो.

आन् खांद्यावरचा टॉवेल घरात ठेवा. सोलापूरचा माणूस टॉवेलाशिवाय शेडमध्ये जात न्हाई, मला ठाऊक आहे, पण ठेवा. हातमोजेही नकोत. दातात धागा सापडला की आख्खा हात घेऊन जातो.

---

जुळेसोलापूरकर

मामा, धोट्याची गोष्ट वाचून बायकोने प्लग काढून स्वतःकडे ठेवून घेतला. अक्षरशः नाही, पण जवळपास.

आकडे: यंत्रासोबतचं २४ दातांचं पातं, २.८/१.८. बाजारातून आणलेलं ६० दातांचं, २.४/१.६. पट्टीवर २.५.

म्हणजे उत्तर माझ्यासमोरच होतं का?

---

धोटेवाले_मामा

होय की! पहिला आकडा दातांची रुंदी, म्हणजे चिरेची फट. दुसरा पात्याच्या पत्र्याची जाडी. पट्टी दोन्हींच्या मधे बसली पाहिजे, पत्र्यापेक्षा जाड, फटीपेक्षा पातळ. सोबतच्या पात्याला १.८, २.५, २.८. बरोबर. बाजारच्या पात्याची फट २.४ आन् पट्टी २.५. अडकणारच. सुतारमामांनी रोगी सोडून औषध फेकून दिलं.

आन् जळकं लाकूड? ६० दातांचं पातं प्लायला आन् आडव्या कापाला. दीड इंच साग उभा चिरायचा तर भुसा बाहेर यायला दातांमधे जागा लागते, ती त्यात न्हाई. भुसा आतच घासतो, तापतो, काळा पडतो, मोटार दमते. ते ओबडधोबड २४ वालंच चिरायचं पातं. फेन्सही तपासा, मागं पात्याकडं झुकली असंल तर तीही जाळते.

पातं बदलताना पुढचे दात खाली तुमच्याकडं येतील असं बसवा. नटाचे आटे कुठल्या बाजूला सुटतात ते बघूनच पाना फिरवा. वायसर पुसून घ्या, कोनात अडकलेला भुश्याचा कण पातं डगमगवतो.

---

भुश्यातली_बाई

होटगी रोडला माझा छोटा वर्कशॉप आहे, बालवाडीची लाकडी कोडी आणि ठोकळे करते. मामांचं सगळं पटलं, एक सोडून. फेन्स अगदी समांतर मी ठेवत नाही. मागच्या टोकाला कागदाच्या जाडीएवढी पात्यापासून लांब ठेवते. आत झुकण्यापेक्षा बाहेर झुकलेली केव्हाही परवडते, आणि स्वस्त यंत्राची फेन्स दर वेळी त्याच जागी बसतेच असं नाही.

पुठ्ठ्याचं ऐकून अंगावर काटा आला. शहाबादी फरशीवर चार पाय कधीच टेकत नाहीत. १८ मिमीच्या प्लायचा तुकडा खाली टाका, त्यावर स्टँडचे पाय बोल्टने धरा, आणि प्लायच्याच खाली पातळ लाकडी पाचरी मारून लेव्हल बघा. टेबल हाताने हलवून बघा, हललं तर कापायचं नाही. यंत्राच्या मागेही टेबलाच्या उंचीचं काहीतरी लावा. लांब फळी पलीकडे लोंबायला लागली की माणूस ती धरायला पात्यावरून वाकतो.

तुमचं लाकूड जुन्या चौकटीचं आहे, म्हणजे बिजागरीचे खिळे आत मोडलेले असणार. चुंबक फिरवा. चौकट पिळलेली असते, म्हणून एक बाजू आणि एक कड रंध्याने सरळ केल्याशिवाय टेबलावर घेऊ नका. फेन्सला टेकणारी कड वाकडी असली तर जुळवणी कितीही चांगली असो, लाकूड पात्यात वळतंच.

आणि कपाटाचे कप्पे आडवे कापताना सरकता गाईड आणि फेन्स एकदम वापरायचा मोह होईल, माप सोपं पडतं म्हणून. कापलेला तुकडा दोघांच्या मध्ये अडकतो आणि तोच उडतो. माझ्या शेडच्या पत्र्याला एक पोचा आहे, त्याच प्रकाराचा.

---

जुळेसोलापूरकर

दोन रविवार गेले, हिशोब देतो.

पात्याचा पुढचा-मागचा फरक ०.४५ मिमी निघाला. तीन तास टकटक, आता ०.१ च्या आत. फेन्स मागे जवळजवळ १ मिमी आत होती! ती ताईंच्या पद्धतीने कागदाएवढी बाहेर ठेवली (मामा, माफ करा). २४ दातांचं पातं, पट्टी, झाकण, सगळं लावलं. खाली प्लाय, नवीन वायर. यंत्राचा स्विच साधाच निघाला, तो बदलला. पातं लाकडाच्या वर दाताएवढंच ठेवलं. चार फुटी सागवानी पट्टी लाल ढकलकाठीने चिरली, वास आला तो फक्त सागाचा. खिळे सात निघाले, चुंबकाने.

सुतारमामा परवा आले. पट्टी परत लावलेली बघून हसले. मग त्यांनीच एक फळी घालून बघितली. पट्टीबद्दल काही बोलले नाहीत, ती लाल काठी कुठे मिळते एवढं विचारलं.

आता देव्हारा. कळसाचे आणि कमानीचे तुकडे दोन-तीन इंचाचेच आहेत. ते याच्यावर कसे धरायचे?

---

धोटेवाले_मामा

धरायचे न्हाईत. बोटाएवढा तुकडा त्या पात्यावर घेऊ नका, मोठ्या फळीत जेवढं कापता येईल तेवढं कापा आन् शेवटचं हातकरवतीनं. घरात आहे का? नसंल तर अशोक चौकात या, माझी घेऊन जा. दात परवाच लावलेत.

फेन्सचं ताईंचं बरोबर आहे. मीपण तशीच ठेवतो, फक्त सांगत न्हाई.