गोल्डवॉटर यांचं १९६४ चं मत: तत्त्व, की मतांचं गणित?

नदीकाठ
परवा पक्षांतराच्या चर्चेत एकाने लिहिलं, "लोकप्रतिनिधी असावा तर अमेरिकेच्या बॅरी गोल्डवॉटरसारखा. आपटला, पण तत्त्व सोडलं नाही." मला हे अर्धंच पटतं, म्हणून वेगळा धागा.

माणूस मोठा, यात वाद नाही. रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर, १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. फिनिक्समधल्या बड्या दुकानदार घराण्यातला जन्म, आजोबा पोलंडहून आलेले ज्यू. १९५२ मध्ये ॲरिझोनातून त्यांनी थेट सिनेटमधल्या बहुमताच्या नेत्याला, अर्नेस्ट मॅकफार्लंड यांना पाडलं. केंद्र सरकारने राज्यांच्या कारभारात लुडबुड करू नये, खर्च आवरावा, सोव्हिएत युनियनपुढे नमतं घेऊ नये, या भूमिका त्यांनी कधी सोडल्या नाहीत. स्वतःच्याच पक्षाच्या आयझेनहॉवर सरकारलाही खर्चावरून सुनावलं.

पण १९ जून १९६४ ला नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला, तेव्हा ते विरोधात होते. त्यांच्या पक्षाच्या ३३ पैकी २७ जणांनी बाजूने मत दिलं होतं. त्यांचा आक्षेप दोन भागांवर होता: हॉटेलं-खानावळींत वर्णावरून मज्जाव करायला बंदी, आणि नोकरी देताना भेदभावाला बंदी. मालकाने कुणाशी व्यवहार करायचा हे ठरवायचा अधिकार घटनेने केंद्राला दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हे प्रामाणिक मानते. पण या तत्त्वात मालकाचं स्वातंत्र्य मोजलंय, दारात अडवलेल्या माणसाचं मोजलेलंच नाही.

सरळरेघ
ताई, अर्धी बाजू राहिली. १९५७ आणि १९६० चे नागरी हक्क कायदे आले तेव्हा याच गोल्डवॉटर यांनी त्यांना पाठिंबा दिला. ॲरिझोनाच्या हवाई नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई दलात, काळे-गोरे एकत्र आणले, तेही सैन्यातला वर्णभेद संपवणारा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा १९४८ चा आदेश निघण्याआधी. घरच्या दुकानात भेदभाव ठेवला नाही. असा माणूस वर्णद्वेषापोटी मत देत नाही.

प्रश्न केंद्राच्या अधिकाराचा होता. चांगल्या कामासाठी म्हणून एकदा सत्तेला दार उघडून दिलं, की वाईट कामासाठीही ती त्याच दाराने आत येते. उमेदवारी तोंडावर असताना, बदनामी होणार हे दिसत असताना हे बोलायला छाती लागते.

अनामिका
छाती कसली? १९६१ मध्ये अटलांटात पक्षाच्या लोकांसमोर ते काय म्हणाले? काळ्यांची एकगठ्ठा मतं आपल्याला मिळणार नाहीत, तेव्हा बदकं असतील तिथे शिकारीला जाऊ. ती बदकं म्हणजे दक्षिणेतले गोरे मतदार.

निकालही बघा. नोव्हेंबर १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना राज्यागणिक मिळणारी इलेक्टोरल मतं ४८६, यांना ५२. जिंकलेली राज्यं सहाच: स्वतःचं ॲरिझोना, आणि दक्षिणेतली मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलिना. मिसिसिपीत ८७ टक्के मतं! तिथे बहुतेक काळ्यांना मतदार यादीतच येऊ दिलं जात नव्हतं. १९५७ च्या कायद्याविरुद्ध २४ तासांहून जास्त भाषण करणारे साउथ कॅरोलिनाचे सिनेटर स्ट्रॉम थरमंड सप्टेंबर १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडून यांच्या प्रचाराला आले. ते का आले असतील?

सरळरेघ
थरमंड का आले याचा जाब गोल्डवॉटर यांनी द्यायचा? त्याच वर्षी जुलैत गोल्डवॉटर यांनी जॉन्सन यांची भेट घेतली आणि वर्णाचा प्रश्न प्रचारात भडकवायचा नाही, असं दोघांनी ठरवलं. समर्थकांनी दंगलींची दृश्यं घालून एक प्रचारपट केला, तर तो वर्णद्वेषी आहे म्हणून त्यांनीच थांबवला. हरतोय हे दिसत असताना! मतांचं गणित मांडणारा माणूस हातातलं हत्यार असं खाली ठेवत नाही.

तळ्याकाठी
ते भल्या मनाचे होते का, यावर आपण उगाच अडकलोय. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तेव्हाच सांगितलं होतं: गोल्डवॉटर स्वतः वर्णद्वेष्टे नसतील, पण त्यांच्या विचारामुळे वर्णद्वेष्ट्यांचं फावतं.

अलाबामातल्या बर्मिंगहॅममधली ऑलीज बार्बेक्यू ही खानावळ घ्या. काळ्या गिऱ्हाइकाने पैसे मोजायचे, जेवण बांधून घ्यायचं आणि निघायचं. आत टेबलाशी बसायचं नाही. कामाला मात्र बहुतेक काळीच माणसं. मालक याच कायद्याविरुद्ध कोर्टात गेला आणि डिसेंबर १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एकमताच्या निकालाने हरला. केंद्राला अधिकार नाही, हा युक्तिवाद तिथेच निकालात निघाला.

१९२७ मध्ये महाडला माणसांना तळ्यावर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो इतिहास असलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. आपल्या घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव अशी नावं घेऊन मज्जाव बंद केलाय. मालकाच्या सद्बुद्धीवर सोडलेलं नाही.

वाळवंटी
फिनिक्सला राहतो, म्हणून दोन शब्द. नोकरीत भेदभावाला बंदी करणारा जो भाग त्यांना नको होता, त्यात वर्णाबरोबर मूळ देशही आहे. इथे कामावर जाणाऱ्या मराठी माणसाला ते संरक्षण मिळतं. त्यामुळे नदीकाठशी सहमत.

पण त्यांचं पुढचं आयुष्यही पाहा. ७ ऑगस्ट १९७४ ला पक्षाचे संसदेतले नेते ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स यांच्यासोबत ते व्हाइट हाउसमध्ये गेले आणि वॉटरगेट प्रकरणी महाभियोग चालला तर सिनेटमध्ये तुमच्या बाजूने मोजकीच मतं उरलीत, हे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. १९८१ मध्ये धर्मगुरूंच्या राजकारणाला त्यांनी उघड अंगावर घेतलं. १९९३ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, समलिंगींना सैन्यात घ्या म्हणून लिहिलं.

सरळरेघ
हेच मी म्हणतोय. १९६४ ला सरकार नको, १९९३ लाही सरकार नको. सूत्र एकच आहे. तुम्हाला आवडलं तेव्हा ते धैर्य, नाही आवडलं तेव्हा मतांचं राजकारण?

नदीकाठ
सूत्र एकच असेल, पण १९९३ मध्ये प्रश्न सरकारच्याच सैन्याचा होता, सरकारने स्वतः भेदभाव थांबवायचा होता. १९६४ मध्ये भेदभाव मालक करत होते आणि राज्यं त्यांच्या पाठीशी उभी होती. तिथे केंद्राने हात आवरायचा, तर बर्मिंगहॅमच्या त्या गिऱ्हाइकाने दाद कुणाकडे मागायची? अलाबामाच्या गव्हर्नरपदावर वर्णभेदाचे उघड समर्थक जॉर्ज वॉलेस बसले होते. याचं उत्तर मला गोल्डवॉटर यांच्या भाषणात सापडत नाही, आणि सरळरेघ, तुमच्या तिन्ही प्रतिसादांतही सापडलं नाही.