अनुभव धागा: नवं सोल, जॅझ, हिपहॉप संगीत तुमच्यापर्यंत पोहोचतं कसं?

गेल्या शनिवारी घरचे झोपल्यावर हेडफोन लावून एक अल्बम ऐकला. संपला तेव्हा पावणेदोन वाजले होते. आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सांगावं असं फार वाटलं, पण सांगणार कोणाला? ऑफिसात कोणी नाही, सोसायटीत कोणी नाही. पुण्यात ही आवड असलेले बरेच जण आहोत, पण विखुरलेले. म्हणून विचारते. नुसती नावं नकोत, कसं सापडलं ते सविस्तर लिहा.

माझं सांगते. मी अल्बमची श्रेयनामावली वाचते. ड्रम कोणी वाजवले, मिक्सिंग कोणाचं, लेबल म्हणजे अल्बम काढणारी कंपनी कुठली. शिकागोचा ड्रमर मकाया मॅक्रेव्हन मला असाच सापडला. 'इन द मोमेंट' (२०१५) साठी त्याने मैफलींतलं उत्स्फूर्त वादन रेकॉर्ड केलं आणि मग हिपहॉपवाले जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून जोडतात तसे स्वतःच्याच मैफलींचे तुकडे कापून जोडले. त्याचं लेबल इंटरनॅशनल अँथम. पुढचे दोन महिने मी ते लेबलच ऐकत होते.

बिबवेवाडीकर
बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर आवडत्या कलाकाराला फॉलो करून ठेवा, नवीन काही आलं की मेल येते. आणि विकत घ्या हो! डिजिटल विक्रीतून ते १५ टक्के घेतात. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तोही वाटा सोडतात. मी त्या शुक्रवारसाठी महिनाभर यादी करतो.

तबल्याचं घर
बाबा शनिवार पेठेत तबला शिकवतात. आमच्याकडे या संगीताला 'तुझं ते धाडधाड' म्हणायचे. एकदा शिकवणी संपल्यावर मी बाहेरच्या खोलीत स्पीकरवर जे डिला या अमेरिकन हिपहॉप संगीतकाराचं एक बीट लावलं होतं. बाबा चहाचा कप घेऊन दारात येऊन थांबले. कप तसाच हातात, बोटं मांडीवर चालू. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा ठेका जागेवर नाही. मुद्दाम नाही ठेवलाय." मी उडालेच. डिला ड्रम मशीनवर हाताने वाजवायचा, मशीनला लय सरळ करू द्यायचा नाही. बाबांना ते काही न सांगता कळलं.

"कुठे असतो हा?" म्हणाले. सांगितलं, गेला. ७ फेब्रुवारी २००६ ला, ३२ व्या वाढदिवशी त्याचा 'डोनट्स' अल्बम आला आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याचं ते मशीन आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, परत लाव.

आता रविवारी तेच विचारतात, नवीन काय आलंय? मी डिलाला मानणारे ड्रमर शोधते, बाबा ऐकून निवाडा देतात. माझा निम्मा शोध त्यांच्या कानांवर चालतो.

रात्रपाळी
माझा अनुभव कडू आहे. एका कॅफेत तिकीट काढून चौघांचा जॅझ ऐकायला गेलो. सॅक्सोफोनवाला अगदी हळू वाजवत होता आणि बाजूच्या टेबलावर वाढदिवसाचा केक, टाळ्या, फोटो. मॅनेजरला विनंती केली तर म्हणाला, "सर, लोक मजा करायला येतात." मध्यंतरात वादकांशी बोललो. त्यांनी स्वतः काढलेला चार गाण्यांचा ईपी तिथेच फोनवर विकत घेतला. तोच आता हिंजवडीच्या बसमध्ये ऐकतो.

येरवड्याचा
हिपहॉप म्हटलं की लोक अमेरिका सांगतात. मला आपल्या पुण्याच्या रॅपरने, एमसी स्टॅनने, 'तडीपार' अल्बमने (२०२०) पकडलं, कारण त्यातली बोली माझ्या गल्लीतली. मग मागे गेलो: दिल्लीचं आझादी रेकॉर्ड्स हे लेबल, रॅपर प्रभ दीपचा 'क्लास-सिख' (२०१७), सीधे मौत या रॅप जोडीचा 'बयान' (२०१८). दोन्ही अल्बमचं संगीत सेझ ऑन द बीट या संगीतकाराचं. मराठीत रॅप करणारी पोरं शोधायची असतील तर मोठ्या चॅनलच्या व्हिडिओखालच्या कॉमेंटी वाचा. "भावा, माझंपण ऐक" लिहिणाऱ्यांची मी सगळ्यांची ऐकतो. दहातलं एक तरी अंगावर काटा उभा करतं.

सहकारनगर
सोलबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या भावपूर्ण गाण्यांबद्दल, कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. वय ४७, भिशीत आग्रह झाला की गाते. मुलाने ब्रुकलिनच्या डॅपटोन रेकॉर्ड्सचं गाणं पाठवलं, शॅरन जोन्सचं. मला वाटलं १९६८ चं असेल! हे लोक टेपवर रेकॉर्डिंग करतात म्हणून तसं वाटतं. ही बाई आधी तुरुंगात रक्षक होती. २००२ साली तिचा पहिला अल्बम आला तेव्हा ती पंचेचाळिशी ओलांडलेली. २०१६ साली कॅन्सरने गेली. मी भाजी चिरायची थांबवून तिच्याबद्दल वाचत बसले होते. आता त्या लेबलवर नवीन काही आलं की मुलाच्या आधी मीच ऐकते. बिबवेवाडीकर, तो पुढचा शुक्रवार कधी आहे, कळवाल का?