मदत हवी आहे: विश्वासनिवेदनातील बाप्तिस्म्याचे कलम कसे लिहावे?

ख्रिस्तात सप्रेम सलाम. खानदेशातील नवापूर परिसरातील आमची मंडळी (चर्च) कोणत्याही पंथाशी संलग्न नसल्यामुळे मूलभूत विश्वासाचे निवेदन आम्हालाच मराठीत लिहावे लागत आहे. पवित्र शास्त्राचा अंतिम अधिकार, त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव), इफिसकरांस पत्र 2:8-9 प्रमाणे कृपेने विश्वासाच्या द्वारे होणारे तारण आणि प्रभूचे पुनरागमन यांवर सर्वांचे एकमत आहे. अडचण बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीची आहे. स्वतः विश्वास ठेवल्यानंतर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यावा, असे मसुद्यात आहे. परंतु तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा झालेल्या आणि आज प्रभुभोजनाची (प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीची) भाकर घरी भाजून आणणाऱ्या वृद्ध मावशी या कलमामुळे बाहेरच्या ठराव्यात, हे मला मुळीच पटत नाही. सभासदत्वासाठी पुन्हा बाप्तिस्म्याची अट न घालता हे कलम कसे मांडावे? आपल्या मंडळीचा मजकूर असल्यास कृपया पाठवावा.