स्वीडनमधली कुर्दी: आठवड्याच्या एका तासाचं करायचं काय?

चकोर_७:
स्थलांतरितांची मातृभाषा स्वीडनच्या शाळांत १९७७ पासून शिकवतात, याचं आपल्याकडे फार कौतुक. कुर्दांपुरता हिशोब मांडून बघा. पालकांनी अर्ज करायचा, भाषा घरात रोजच्या वापरातली हवी, मुलाला ती थोडीफार यायला हवी, नगरपालिकेच्या हद्दीत निदान ५ मुलं हवीत, वर शिक्षक मिळायला हवा. एवढं जुळलं की पदरात पडतो आठवड्याला तासभर, बहुधा शाळा सुटल्यावर, कित्येकदा दुसऱ्याच शाळेत. दुसरीतलं आणि सहावीतलं पोर एकाच वर्गात! त्यापेक्षा तो पैसा बालवाडीत कुर्दी बोलणाऱ्या ताई नेमायला वापरा.

रानजाई:
बालवाडीत भाषा कानावर पडेल. लिहिता कधी येणार? तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने कुर्दीत छापण्यावर बंदी आली, ती १९९१ पर्यंत होती. त्या काळात कुर्मांजीतली, म्हणजे कुर्दीच्या एका मोठ्या बोलीतली, बरीच पुस्तकं स्वीडनमध्येच निघाली. कुर्दी कादंबरीकार मेहमेद उझुन १९७७ साली तिथे गेले, त्यांची पहिली कादंबरी १९८५ मध्ये आली. ज्या आईबापांना शाळेत स्वतःची भाषा वाचायलाच मिळाली नाही, ते घरी शुद्धलेखन काय शिकवणार? तास वाढवा म्हणा. बंद कशाला?

कोरा कागद:
तासांचं नंतर बघू, आधी अक्षरं. कुर्मांजी रोमी लिपीत, सोरानी ही कुर्दीची दुसरी मोठी बोली अरबी वळणाच्या. (गोव्याच्या मंडळींना हे नवं नाही, कोंकणीचं बघतातच.) कुर्मांजीवाल्या मुलांना लिपी ओळखीची, म्हणून सोपं जाईल असं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. 'जे' स्वीडिशमध्ये 'य' वाजतो, म्हणून मूल 'झिन' म्हणजे बाई, हा शब्द 'यिन' वाचतं. 'एक्स'चा 'क्स' करतं, तिथे हवा घशातला 'ख'. 'सी' म्हणजे चक्क 'ज'. पहिले काही महिने निव्वळ ही सवय मोडण्यात जातात.
त्यात सोरानीवाली मुलं त्याच वर्गात बसवली की संपलंच. कुर्मांजीत लिंगभेद आहे: माझा मुलगा 'कुरे मिन', माझी मुलगी 'केचा मिन'. सोरानीत दोन्हीकडे नुसता 'ई': 'कुरी मिन', 'किची मिन'. एकाला जी चूक, ते दुसऱ्याचं व्याकरण.

चकोर_७:
म्हणजे माझंच खरं ठरलं की. बालवाडीत लिपीच नाही, मग भांडण कसलं?

रानजाई:
ताई कुर्मांजीवाली नेमणार की सोरानीवाली? केचा मिन म्हणणारी की किची मिन? आणि कोणत्या बालवाडीत? स्वीडन वंशाची नोंद ठेवत नाही, जन्मदेशाची ठेवतं. आईबाप तुर्कस्तानातले, इराकमधले, इराणमधले की सीरियातले एवढं कळेल. ते तुर्की बोलतात, अरबी की कुर्दी, हे नाही. नगरपालिकेच्या हाती थोडीफार मोजदाद लागते ती तुम्ही हसताय त्या अर्जांतूनच. तास बंद केलात की अर्जही थांबले. मग ताई कुठे पाठवायची, हे विचारणार कोणाला?