श्रीहरिकोटाला रॉकेटचे फोटो काढायचेत: सांगलीहून जायचं कसं, आणि सकाळच्या चहाचं काय?

कृष्णाकाठ_सांगली

श्रीहरिकोटाला जाऊन एक उड्डाण कॅमेऱ्यात पकडायचं ठरवतोय. कॅमेरा क्रॉप (म्हणजे छोट्या) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल. लेन्स दोन, १८-५५ आणि ७०-३०० एमएम. ट्रायपॉड हलकाच आहे.

तीन गोष्टी विचारायच्यात. सांगलीहून सोयीचा रस्ता कोणता? या सामानात काही हाताला लागेल का? तिसरी ऐकून हसाल, पण खरी अडचण तीच आहे. पहाटे साडेपाचला उठणं, घाटापर्यंत चक्कर, आल्याचा उकळलेला चहा आणि रात्री ज्वारीची भाकरी ही घडी मोडली की पोट बिघडतं, डोकं जड होतं आणि कशातच लक्ष लागत नाही. यावर कोणी काय करतं?

मिरज_जंक्शन

चेन्नईच्या नादाला लागू नका, आपल्याकडच्यांसाठी हरिप्रिया एक्सप्रेसच बरी. कोल्हापूरहून निघते, बेळगाव, हुबळी, गुंतकल, रेणिगुंटा करत तिरुपतीला पोचते. ती सांगलीवरून जात नाही, मिरजेतून पकडावी लागते. साताऱ्याच्या लोकांनीही आधी मिरज गाठायची. देवदर्शनाच्या गर्दीमुळे आरक्षण लवकर भरतं, तेव्हा इस्रोच्या तारखेकडे डोळे लावून बसलात तर वेटिंगच हाती येईल.

तिरुपतीहून श्रीकाळहस्ती, नायडूपेटामार्गे सुलूरपेटा शंभरेक किलोमीटर. मुक्काम सुलूरपेटातच करा, श्रीहरिकोटा बेटावर जायचा रस्ता तिथूनच पुलिकत सरोवर ओलांडून जातो. चेन्नईहून यायचंच झालं तर सुलूरपेटापर्यंत लोकल गाड्या आहेत.

परतीचं तिकीट उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. प्रोबा-३ उपग्रहांचं उड्डाण ४ डिसेंबर २०२४ ला होतं, ते ५ ला झालं. चांद्रयान-२ तर १५ जुलै २०१९ च्या पहाटे २:५१ ला उडायचं होतं, ५६ मिनिटं उरली असताना थांबवलं आणि २२ जुलैला दुपारी २:४३ ला गेलं. आठवडाभर कोणी थांबत नाही, पण दोन दिवस हाताशी ठेवलेच पाहिजेत.

उड्डाण बघायच्या गॅलरीची नोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते आणि बघता बघता भरते. ओळखपत्राचा नंबर आधीच लिहून ठेवा. नोंदणी मिळालीच नाही तर पुलिकतच्या काठाकडची मोकळी जागा शोधायची. उड्डाणाच्या दिवशी पोलीस कुठे अडवतील ते आदल्या दिवशी गावात विचारून घ्या. आणि ड्रोन घरीच ठेवा, तिथे त्याचा विचारसुद्धा नको.

बल्ब_मोड

लेन्सचा हिशोब आधी करू. इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट ४४ मीटर उंच. ३०० एमएमवर, ६ किमी अंतर धरलं तर तुमच्या सेन्सरवर त्याची उंची साधारण ५६० पिक्सेल भरते. १८ किमीवरून तेच १९०. म्हणजे गॅलरीतून रॉकेट ओळखू येईल, सरोवराच्या काठावरून ज्वाळा आणि धुराचा खांबच विषय धरायचा. आणखी मोठी लेन्स भाड्याने घेऊ नका. दिवसा पाण्यावरची हवा तापून थरथरते, मग ६०० एमएमलाही कडा धारदार मिळत नाहीत.

दिवसाच्या उड्डाणाला: मॅन्युअल मोड, आयएसओ १०० ते २००, एफ/८, शटर १/१००० ते १/२०००, रॉ फॉरमॅट. घन इंधनाची ज्वाळा इतकी प्रखर असते की ऑटोवर ठेवलं तर उजेड मोजणारा मीटर गडबडतो, मधले फोटो काळे पडतात. आकाश थोडं गडद आलं तरी चालेल, ज्वाळा पांढरी फट्ट होता कामा नये. फोकस लाँचपॅडच्या मनोऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून हाताने लावायचा आणि रिंगवर टेप मारायची. नंतर झूम हलवला तर फोकस पुन्हा तपासायचा.

बटण दाबून धरू नका. बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, काही सेकंदांत भरतो आणि नेमका रॉकेट मनोरा सोडताना कॅमेरा अडकतो. कोणतं रॉकेट आहे ते माहीत असलं की वेळ साधते. जीएसएलव्ही रॉकेटचे चार द्रव इंधनाचे बूस्टर घन टप्प्याच्या ४.८ सेकंद आधी पेटतात, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो. पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ मात्र पेटलं की उठलंच. आवाजाची वाट बघत बसाल तर फसाल, तो किलोमीटरमागे तीन सेकंद उशिरा येतो.

रात्रीचं गणित वेगळं. १८ एमएम, कॅमेरा उभा, आयएसओ १००, एफ/११ ते १६, बल्ब मोड (बटण सोडेपर्यंत शटर उघडं राहतं) आणि केबल रिलीज (तारेचं बटण). पीएसएलव्हीचा पहिला टप्पा सुमारे ११० सेकंद जळतो, शटर तेवढं उघडं ठेवा. पुढच्या टप्प्याची रेघ बारीक दिसते. उभ्या चौकटीत सुमारे ६६ अंश मावतात, लांबून ते पुरतात. पश्चिमेकडून बघताना रॉकेट दूर जात उजवीकडे झुकतं, म्हणून मनोरा चौकटीच्या डाव्या बाजूला ठेवा. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ गप्प बसतो. ट्रायपॉड हलका आहे तर मधल्या दांड्याला पिशवी लटकवा, ती जमिनीला टेकती ठेवा, म्हणजे वाऱ्याने झुलणार नाही.

उजेडाचं एक. पुलिकतच्या बाजूने पाहिलं तर सकाळचा सूर्य समोर असतो, संध्याकाळचा पाठीशी. निसार उपग्रहाचं उड्डाण ३० जुलै २०२५ ला संध्याकाळी ५:४० ला झालं, अशा वेळी धूर सोनेरी निघतो. माझं मत विचाराल तर संध्याकाळचं उड्डाण असेल तरच एवढा प्रवास करावा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा. ढग खाली असले की काही सेकंदांत रॉकेट गायब.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात की लेन्सवर बाष्प धरतं. आधी झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास बाहेर ठेवा.

मिरज_जंक्शन

ट्रायपॉड आणि मोठ्या बॅगेबद्दल एक राहिलं. गॅलरीत काय नेऊ देतात ते नोंदणीच्या सूचनांत वाचून घ्या, गृहीत धरू नका. कापडी पिशवीत किलोभर ज्वारी शिवून न्या. कठड्यावर ठेवली की लेन्स तिच्यात रुतून बसते.

चुलीपाशी

हसण्यासारखं काही नाही दादा. सगळी घडी नेता येत नाही, पण चहा आणि भाकरी नेता येते.

चहासाठी एक लिटरची किटली न्या, पण त्यात दूध उकळू नका. तळाला लागतं, मग किटली आपोआप बंद होत नाही आणि वास जात नाही. फक्त पाणी उकळा. स्टीलच्या मगात घरचीच पूड, ठेचलेलं आलं, साखर टाकून वर उकळतं पाणी आणि पाच मिनिटं झाकण. दूध पावडर दोन मोठे चमचे, आधी कोमट पाण्यात कालवायची, मग चहा गाळून त्यावर ओतायचा. थेट टाकलीत तर गुठळ्या होतात. रेल्वेच्या डब्यात किटली लावायची नाही, तिथे मनाई आहे.

पहिल्या दोन दिवसांना दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, पुढे कडक भाकरी. समुद्राची हवा दमट, डबा उघडा राहिला की कडक भाकरी तासाभरात वातड होते. दोन-दोनच्या घट्ट पिशव्या करा. ठेचा पाण्याचा हात न लावता तेलात परता, नाहीतर बुरशी येते. शेंगदाण्याची चटणी जास्त न्या. तिकडे दही कुठेही मिळतं, भाकरी कुस्करून दही-चटणी घेतली की रात्रीचं जेवण झालं. भडंग प्रवासात संपणारच, त्याचा हिशोब धरू नका.

कृष्णाकाठ_सांगली

किटलीचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. पण उड्डाण पहाटे तीनला असलं तर साडेपाचला उठायचं काय?

चुलीपाशी

त्या रात्री आठलाच थोडं खाऊन झोपा, गजर बाराला. परत आल्यावर सकाळी फार तर दोन तास पडा, नऊच्या पुढे नाही, आणि दुपारी झोपू नका. चक्कर त्या दिवशी संध्याकाळी मारा. दुसऱ्या दिवशी साडेपाचला आपोआप जाग येते. पहाटेच्या चहाची पूड आणि आलं संध्याकाळीच मगात काढून ठेवा, बाराच्या झोपेत डबे उघडत बसणं होत नाही.

बल्ब_मोड

बॅटऱ्याही तेव्हाच चार्जरवरून काढून घ्या आणि कार्ड फॉरमॅट करून ठेवा. डोक्यावरच्या टॉर्चला लाल कागद लावा, शेजारच्याचं शटर उघडं असतं.