प्रतिसाद: तो स्फोट कालचा नव्हे

वर विचारलंय की एम १०१ या दीर्घिकेतला (ताऱ्यांच्या प्रचंड समूहातला) सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन संपलेला तारा, दिसला 'त्याच रात्री' फुटला का, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसला असता का. दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे.

जपानचे हौशी खगोल निरीक्षक कोइची इतागाकी यांना तो १९ मे २०२३ ला दिसला, पण ही सर्पिल दीर्घिका सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा सह्याद्रीचा काळा पाषाण थंड होऊनही चार कोटी वर्षं उलटली होती! मला हे अजूनही पचत नाही.

त्याची तेजस्विता चढून ११ व्या प्रतीच्या आसपास गेली (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक). डोळ्यांची मर्यादा ६, म्हणजे शंभरपट अंधूक.

त्या आठवड्यात आम्ही वेंगुर्ल्याजवळ पुळणीवर आठ इंची दुर्बीण लावली होती. सप्तर्षीतले मरीची आणि वसिष्ठ धरून त्रिकोण कल्पायचा, तिसऱ्या टोकाला एम १०१. दमट हवेने आरसा सारखा धूसर व्हायचा, दीर्घिका तर जवळजवळ दिसतच नव्हती. पण तो ठिपका स्पष्ट होता. मला रडू आलं.

आणि वर कुणीतरी 'नोव्हा' म्हटलंय, ते बरोबर नाही. नोव्हात श्वेतबटूच्या, म्हणजे विझत चाललेल्या ताऱ्याच्या उरलेल्या लहान दाट गाभ्याच्या, पृष्ठभागावरचा वायू पेटतो, तारा टिकतो. इथे तांबड्या महाराक्षसी ताऱ्याचा लोखंडी गाभा सेकंदाच्या आत कोसळला. वर्णपटात (रंगांत विभागलेल्या प्रकाशात) हायड्रोजन दिसला, म्हणून हा प्रकार दोनचा सुपरनोव्हा. लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीनेही त्याचे वर्णपट घेतलेत.